शेजारघरापर्यंत

१८५७ साल उजाडले तेव्हा मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर एक वाद रंगला होता. एका बाजूला विष्णुबावा ब्रह्मचारी, दुसऱ्या बाजूला ख्रिस्ती मिशनरी आणि भोवती ऐकणाऱ्यांची दाटी. पाप कशाला म्हणायचे, मूर्तीत देव आहे की नाही, पुनर्जन्म खरा की न्यायाचा दिवस खरा, अशी प्रश्नोत्तरे आठवडेच्या आठवडे चालली. अमेरिकेहून आलेले जॉर्ज बोवेन या वादात होते आणि त्याचा वृत्तान्तही त्यांनीच छापला. तो वाचताना दोन्हीकडच्या बुद्धीचे कौतुक वाटते. पण पाने उलटत जावे तसे लक्षात येते, की बोलणारे एकमेकांना हरवण्यात गुंतले आहेत. सोबत बसून कोणी काही शोधते आहे, असे फारसे दिसत नाही.

याच बोवेनसाहेबांची दुसरी गोष्ट मला त्या वादाहून मोलाची वाटते. ते १८४८ मध्ये मुंबईत उतरले. थोड्याच काळात त्यांनी मिशनचा पगार नाकारला, बंगला सोडला आणि देशी वस्तीत एक लहानशी खोली घेऊन राहिले. १८८८ मध्ये मुंबईतच वारले. मधल्या चाळीस वर्षांत ते एकदाही मायदेशी गेले नाहीत. त्यांच्या हातून बाप्तिस्मा घेतलेल्यांची यादी अगदी तुटपुंजी होती. तरी मुंबईतल्या सर्व धर्मांच्या लोकांमध्ये साधू म्हणून त्यांचे नाव झाले. वादात जे साधले नाही ते त्या खोलीतल्या राहणीने साधले, असे मी ठामपणे म्हणते.

मराठी मुलखात ख्रिस्तावरचा विश्वास एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसा पोचला, याचा मागोवा घेऊ लागले की माझे बोट पुन्हा पुन्हा अशाच जागांवर थांबते. अहवालांत शाळा, इमारती आणि बाप्तिस्म्यांचे आकडे सापडतात. प्रत्यक्षात बोलणे झाले ते ओट्यावर, विहिरीवर, रेल्वेच्या डब्यात आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी.

सुरुवात मिशनच्या पुष्कळ आधीची आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून झाले. दहा हजारांहून अधिक ओव्या, आणि त्याही मराठीत. पोर्तुगीज सत्तेखाली गोव्यात धर्मांतरे कोणत्या दडपणाखाली झाली हे विसरून त्या ग्रंथाकडे पाहता येत नाही. लोकांची जुनी पुराणे काढून घेतली गेली होती. पण त्याच काळात हा माणूस लोकांच्या कानाला कोणता छंद गोड लागतो ते शिकत बसला, ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वळणाची ओवी त्याने आपलीशी केली आणि येशूची कथा तिच्यात सांगितली. राज्यकर्त्यांची जरब ओसरली, छापलेल्या जुन्या प्रतीही काळाच्या ओघात नाहीशा झाल्या, तरी ओवी हस्तलिखितांतून टिकली आणि १९०७ मध्ये मंगळुरात पुन्हा छापली गेली.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले दोघे, गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट, १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत पोचले. कंपनी सरकारला ते नको होते. त्यांना परत धाडण्याचे हुकूमही निघाले होते. हॉल मराठी शिकला, देवळांच्या आवारात आणि बाजारात उभा राहून बोलू लागला. १८२६ मध्ये तो नाशिककडे गेला तेव्हा तिथे पटकी पसरली होती. जवळचे औषध संपेपर्यंत त्याने ते आजाऱ्यांना वाटले आणि परतीच्या वाटेवर त्याच रोगाने गेला. त्याच्या प्रवचनांतले एक वाक्यही आज कुणाला ठाऊक नाही. औषधाची गोष्ट मात्र आमच्या मंडळ्यांत अजून सांगतात.

१८३१ मध्ये मिशनने अहमदनगरला ठाणे केले आणि तिथून खऱ्या अर्थाने मराठी मंडळीचा इतिहास सुरू होतो. १८४२ मध्ये तिथेच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले. नगरलाच मिस सिंथिया फरार यांची मुलींची शाळा होती. जोतीराव फुले ती शाळा पाहून आले आणि सावित्रीबाईंनी फरारबाईंच्या हाताखाली शिक्षिकेचे शिक्षण घेतले, हे आता सर्वांना माहीत आहे. त्या दोघांनी बाप्तिस्मा घेतला नाही. जोतीरावांनी स्वतःचा सत्यशोधक मार्ग काढला. मिशनच्या वहीत असा निकाल ‘फळ आले नाही’ या रकान्यात गेला असता. मला तो फरारबाईंच्या साक्षीचा सर्वांत मोठा पुरावा वाटतो. त्यांनी जे दिले ते परतफेडीच्या अटीवर दिलेले नव्हते, म्हणूनच ते पुण्यात जाऊन शंभरपट झाले.

याच काळात मोठी किंमत मोजणारेही होते. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहायला गेला, तेव्हा प्रकरण कोर्टात गेले आणि मुलाला आईबापांच्या ताब्यात द्यावे असा निकाल झाला. त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावरून मुंबई-पुण्यात रण माजले. त्याला घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि त्यांनाही त्रास सोसावा लागला. एका कोवळ्या मुलाच्या विश्वासाचा असा चव्हाटा झाला. बेळगावचे बाबा पदमनजी यांचा १८५४ मध्ये बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी ‘अरुणोदय’मध्ये आपल्या मनाची घालमेल लिहून ठेवली आणि १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांच्या दुःखाला मराठी कादंबरीत जागा दिली. घर तुटल्याची वेदना या पिढीने कधी लपवली नाही, आणि म्हणून त्यांचे लिहिणे आजही खरे वाटते.

आता बायबलबायांकडे येते. त्यांच्याबद्दल लिहायला मला एक लेख पुरणार नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून नगर, शिरूर, वडाळा, राहुरी, सातारा, सोलापूर या पट्ट्यात मिशनने घरोघर जाणाऱ्या ख्रिस्ती बायका नेमल्या. पगार जेमतेम असे. काम एवढेच, की ज्या घरांत पुरुष प्रचारकाला उंबरा ओलांडता येत नव्हता तिथे जायचे, शिवण शिकवायचे, अक्षरे गिरवून घ्यायची आणि शुभवर्तमानातला एखादा भाग वाचून दाखवायचा. माझी आजी ही बायबलबायांच्या शेवटच्या पिढीतली. नऊवारी लुगडे, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत मोठ्या टायपातले मार्ककृत शुभवर्तमान, सुई-दोरा, डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली आणि पानाची चंची. गावात शिरली की आधी शास्त्र कधी उघडत नसे. कुणी जोंधळे पाखडत असेल तर दुसरे सूप ओढून बसायची. कुणाच्या लेकराचे डोळे आले असतील तर आधी ते पाहायची. पाखडता पाखडता गाणे सुरू व्हायचे, आणि गाण्यामागून बायकाच विचारायच्या.

एकदा एका म्हातारीने तिला विचारले होते, “बाई, एवढी उन्हातान्हात हिंडतीस, तुझा देव तुला देतो तरी काय?”

आजी म्हणाली, “रात्री झोप लागती गं आक्का. दोन लेकरं मातीत घातली मी, तरी झोप लागती.”

त्यावर म्हातारी बराच वेळ बोलली नाही आणि आजीही बोलली नाही. ती म्हातारी ख्रिस्ती झाली नाही. तिच्या शेवटच्या आजारात मात्र तिने निरोप धाडून आजीला बोलावून घेतले, एवढे मला आईने सांगितले आहे. साक्ष देणे म्हणजे काय हे मी उपदेशांतून पुष्कळ ऐकले, पण समजले ते या गोष्टीतून. विचारल्याशिवाय सांगायचे नाही आणि विचारले की खरे तेवढेच सांगायचे, हा आजीचा नेम होता.

पुरुषांनी हेच काम कीर्तनातून केले. नगरच्या मंडळींनी एकोणिसाव्या शतकातच कीर्तन उचलले. कृष्णराव सांगळे यांचे नाव यात मानाने घेतले जाते. परदेशी मिशनऱ्यांपैकी काहींना टाळ-चिपळ्या खटकल्या, काहींनी त्यांना पाठबळ दिले. मी लहानपणी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात नाताळच्या आदल्या रात्री ऐकलेले कीर्तन मला अजून ओळीओळीने आठवते. पेटी, तबला, चिपळ्या. बुवांच्या अंगात बाराबंदी नव्हती, साधा सदरा आणि उपरणे होते. पूर्वरंगात एक वचन घेऊन निरूपण झाले आणि उत्तररंगात उधळ्या पुत्राची कथा लागली. वाटणी मागून घेतलेला धाकटा पोरगा बुवांनी थेट आमच्याकडचा केला. दुष्काळ पडतो, खिसा रिकामा होतो, दोस्त पांगतात आणि तो डुकरे राखायला जातो. बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडलेली माणसे समोर बसली होती, त्यांना भूक समजावून सांगावी लागली नाही. मग बुवा हातातल्या चिपळ्या खाली ठेवून म्हणाले, “बाप रोज वेशीवर येऊन बघतोय. रोज. गावातली माणसं हसतात, म्हणतात, म्हातारा खुळावला.” पुढच्या रांगेत गळ्यात तुळशीची माळ घातलेले, आमच्याच आळीतले एक वारकरी आजोबा बसले होते. ते डोळे पुसत होते. कीर्तन संपल्यावर त्यांनी बुवांच्या पाया पडायला वाकावे आणि बुवांनी त्यांच्या, असा प्रकार झाला. कुणाचा धर्म त्या रात्री बदलला नाही. पण येशूने सांगितलेली ती गोष्ट त्या आजोबांची झाली ती कायमची, पुढे ते आपल्या नातवंडांना ती सांगत.

या साऱ्या परंपरेला ज्यांनी शब्द दिले त्या नारायण वामन टिळकांकडे विश्वास आला तोही वाटेवरच्या बोलण्यातून. साल १८९३. टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन प्रवासी होता. दोघांच्या गप्पा निघाल्या, कवितेवरून त्या धर्मावर गेल्या. उतरण्याआधी त्या गृहस्थाने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली, वाचण्याचे वचन घेतले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. टिळकांना ते भाकीत हास्यास्पद वाटले. पण वचन दिले होते म्हणून ते वाचायला बसले आणि डोंगरावरच्या प्रवचनाशी आले तेव्हा त्यांना पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या प्रवाशाने डब्यात टिळकांच्या देवांची निंदा केली असती, तर ते पुस्तक पुढच्या स्टेशनावर खिडकीबाहेर गेले असते. त्याने एका कवीला कवी म्हणून ओळखले, त्याच्या बुद्धीचा मान राखला आणि वाचण्याचे काम त्याच्यावरच सोपवले. अनोळखी माणसाशी विश्वासाबद्दल कसे बोलावे याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

पण खरी परीक्षा घरात होती. टिळक ख्रिस्ती झाल्याची बातमी कळली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. चार-पाच वर्षे नवराबायको एकमेकांपासून दूर राहिली. लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला त्या वर्षांचा दाह कसा होता ते सांगावे लागत नाही. पुढे त्या टिळकांकडे राहायला आल्या तेव्हाही त्यांनी आपले सोवळे सोडले नव्हते; स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळक तापट होते, लहरी होते, संसारात बेफिकीर होते, हे लक्ष्मीबाईंनीच मनमोकळेपणाने लिहिले आहे. मात्र या एका बाबतीत त्यांनी बायकोवर जबरदस्ती केली नाही. तिला तिच्या वेगाने चालू दिले. जातपात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मनाशी सोडवला आणि मगच १९०० मध्ये त्यांनी राहुरीला बाप्तिस्मा घेतला. जगभर हिंडून बोलणे सोपे, आपल्याच माणसाच्या बाबतीत थांबणे अवघड. टिळकांच्या शेकडो भजनांइतकेच त्यांचे हे थांबणे मला मोठे वाटते.

त्या घरात कोण कोण वाढले! दुष्काळात अनाथ झालेली मुले होती, शिकायला आलेली होती. बालकवी ठोंबरे नगरला टिळकांच्याच घरी राहिले, लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या पोरासारखे वागवले. बालकवी हिंदूच राहिले आणि त्या घराच्या प्रेमात कधी फरक पडला नाही. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यात जागा होती. मिशनच्या चौकटीत हा विचार बसणारा नव्हता आणि दोन वर्षांत, ९ मे १९१९ ला, टिळक गेले. दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले. आणि १९३४ पासून त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागले, ते पुस्तक तर अशा हजारो घरांत गेले जिथे एकही मिशनरी कधी पोचला नव्हता. शाळेच्या पुस्तकात त्यातले उतारे वाचून मोठ्या झालेल्या कितीतरी वाचकांनी एका ख्रिस्ती बाईचे मन आतून पाहिले. त्यात कुठे उपदेश नाही.

पंडिता रमाबाईंच्या वाट्याला मात्र रणच आले. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये मुंबईत विधवा आणि मुलींसाठी त्यांचे शारदासदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलले. सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही असे ठरले होते. हिंदू मुलींना आपले आचार पाळायची मोकळीक होती. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपण होऊन त्यांच्याजवळ येऊन बसू लागल्या. एवढ्यावरून पुणे पेटले. ‘केसरी’ने झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

ते दार रमाबाईंनी लावून घ्यायला हवे होते का? हा प्रश्न मी पुष्कळदा स्वतःला विचारला आहे. पालकांची भीती खोटी म्हणून झटकून टाकता येणार नाही. वयाने लहान, घरच्यांनी टाकलेल्या, आसऱ्यासाठी एका बाईवर अवलंबून असलेल्या मुली होत्या त्या. तिचे प्रत्येक वागणे त्यांच्यावर ठसा उमटवणारच. तरी दुसरी बाजूही आहे. ज्या विश्वासाने त्या बाईला उभे ठेवले होते तो तिने चोरून पाळावा, ही अपेक्षा न्यायाची नव्हती. ज्या मुलींना विचारायचे होते त्यांनी विचारले, ज्यांना नव्हते त्या गेल्या नाहीत. गोदूबाई जोशी ही सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी हिंदूच राहिली आणि १८९३ मध्येच धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. कर्व्यांच्या पुढच्या कामाची मुळे शोधताना शारदासदनाला वगळता येत नाही.

पुढे १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि बाया घेऊन आल्या, केडगावला मुक्तिसदन उभे राहिले आणि १९०० च्या सुमारास तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. तिथे ख्रिस्ती शिकवण उघडपणे दिली जात होती. अखेरची वर्षे रमाबाईंनी बायबलच्या भाषांतरात घालवली. हिब्रू आणि ग्रीक स्वतः शिकून, खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला कळेल अशा मराठीत त्या सगळे शास्त्र उतरवत होत्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. ते बायबल मुक्तीच्या छापखान्यात मुक्तीच्याच बायकांनी जुळवले, छापले, बांधले.

दुष्काळ म्हटला की आमच्या इतिहासातली सर्वांत टोचणारी गोष्ट पुढे येते आणि ती टाळून मागोवा पुरा होत नाही. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात आणि नंतरच्या वर्षांत नगर आणि मराठवाड्याच्या कडेच्या खेड्यांतून महार-मांग कुटुंबे मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाली. धान्यासाठी धर्म विकला, असे तेव्हा म्हटले गेले आणि आजही म्हटले जाते. माझे पूर्वज त्याच कुटुंबांतले. पोटात आग असताना जो भाकरी देतो त्याच्या देवाबद्दल माणूस विचारणारच. पण ज्या गावात विहिरीवर चढता येत नव्हते, शाळेच्या ओट्याबाहेर बसावे लागत होते, तिथे कोणी नावाने हाक मारतो आणि पंगतीत शेजारी बसवतो, याचे मोल भाकरीने मोजणारे लोक त्या भुकेत कधी नव्हते. दुष्काळ संपला, मदत थांबली, तरी ती कुटुंबे मंडळीत राहिली. मात्र भुकेच्या वेळी केलेला उपदेश आणि भुकेच्या वेळी दिलेली भाकरी यांत अंतर राखायला हवे होते, हेही खरे. काही ठिकाणी ते राखले गेले नाही.

आणि मंडळीत आल्यावर काय झाले? कुठे बसायची बाके वेगळी, कुठे सोयरिकी जातीतच. १९३८ च्या आरंभी सोलापुरात ख्रिस्ती मंडळींपुढे बोलताना डॉ. आंबेडकरांनी बोट ठेवले ते याच जागी: ख्रिस्ती झालेल्यांनी सामाजिक अन्यायाविरुद्ध लढणे सोडून दिले. ते बोल लागले आणि लागायलाच हवे होते. शेजाऱ्याला येशूबद्दल सांगायचे आणि आपल्याच मंडळीतल्या माणसाच्या घरी मुलगी द्यायला कचरायचे, हे दोन्ही एका तोंडात शोभत नाही. आमच्या साक्षीला सर्वांत मोठा धक्का बाहेरच्या विरोधकांनी दिलेला नाही.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रचार करण्याचा हक्क प्रत्येकाला दिला. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगण्याचा हक्क यात येतो, दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. कायद्याचा कीस काढणारे यावर पुष्कळ वाद घालतात. श्रद्धेच्या बाजूने पाहता मला यात अडचण दिसत नाही. मन बदलणे आमच्या हातात कधीच नव्हते, ते काम पवित्र आत्म्याचे, असे आम्हीच तर दर रविवारी म्हणतो. अडचण वेगळी आहे. घरात चार माणसे जमून प्रार्थना केली तरी आळीत कुजबुज होते, पोलिसांत तक्रार जाते, आजारी शेजारणीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायला नर्सबाई बिचकतात, हे गेल्या काही वर्षांत देशाच्या अनेक भागांत वाढले आहे. आजीच्या पिशवीला आज कोणत्या नजरेने पाहिले गेले असते, या विचाराने मला वाईट वाटते.

तरी या पन्नास-साठ वर्षांत झालेले एक काम मनाला उभारी देते. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर जोडप्याने १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले. पाणी नसलेला, दुष्काळी तालुका. त्यांनी गावागावांतून बायका निवडल्या, त्यांतल्या बऱ्याच निरक्षर, कित्येक दलित, कित्येक टाकलेल्या. त्यांना आरोग्यसेविका म्हणून शिकवले. वेगवेगळ्या जातींच्या बायका प्रशिक्षणाला एकत्र राहिल्या, एकत्र जेवल्या. पाण्याचे हातपंप शक्य तिथे दलित वस्तीत घेतले, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाने तिकडे यावे. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपण हे का करतो असे कोणी विचारले तर येशूचे नाव घ्यायला ते कचरत नसत, आणि उपचारासाठी येणाऱ्याला त्याचा धर्म कधी विचारला गेला नाही. मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलच्या वळणावरची ही पुढची पायरी होती. फरक एवढाच, की आता दवाखाना गावातल्या बाईच्या हातात आला होता.

वसईकडचे कॅथलिक बंधुभगिनी या सगळ्याकडे वेगळ्या वाटेने आले. पोर्तुगीज गेले, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, तरी तिथले ख्रिस्ती आपल्या बोलीसह आणि सणांसह तिथेच राहिले. विसाव्या शतकात ‘सुवार्ता’ मासिकाने त्यांना महाराष्ट्राशी बोलते केले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ते वर्षानुवर्षे चालवले, हरित वसईच्या आंदोलनात ते गावकऱ्यांसोबत रस्त्यावर उतरले आणि ‘सुबोध बायबल’ त्यांनी मराठी वाचकाच्या हाती दिले. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा एक धर्मगुरू या जागी कसा, असा आक्षेप घेणारे पुढे आले. फादर आजारी असूनही गेले आणि बोलले. २५ जुलै २०२४ ला ते गेले तेव्हा त्यांच्यासाठी रडणाऱ्यांत ख्रिस्ती किती आणि इतर किती हे मोजणे कुणाला सुचले नसेल. श्रीरामपूर तालुक्यात हरेगावला सप्टेंबरात मतमाऊलीची यात्रा भरते, तिथेही हेच दिसते. नवस फेडायला आलेल्या बाईला पुढची बाई कोणत्या धर्माची, हे विचारायला सवड नसते.

आजची तरुण पिढी वचने मोबाइलवर पाठवते. सकाळी सकाळी फुलांच्या चित्रावर एक ओवी, खाली संदर्भ. त्यात वाईट काही नाही, पण ते वाचून कोणी परत प्रश्न विचारत नाही. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या माणसाची आई अत्यवस्थ असताना तिच्या डब्याची सोय करणारी, रात्रपाळीला बसणारी मुलेमुली आमच्या मंडळ्यांत आहेत. करोनाच्या काळात घरच्यांना जवळ जाता येत नव्हते तेव्हा ख्रिस्ती नर्सेसनी काय केले हे रुग्णांच्या घरच्यांना ठाऊक आहे. ही मुले आपल्या विश्वासाबद्दल बोलायला घाबरतात. कुणी विचारलेच तर “असंच” म्हणून विषय बदलतात. हा संकोच मला खटकतो. येशूच्या नावाने काम करायचे आणि विचारल्यावर नाव गिळायचे, हे आजीला पटले नसते. तिच्याइतके थोडके आणि खरे बोलता येणे हे शिकायचे कसब आहे, आणि ते शिकवणारी माणसे आता झपाट्याने कमी होत आहेत.

मिशनचे वार्षिक अहवाल इथल्या आणि परदेशातल्या ग्रंथालयांत जपलेले आहेत. त्यांत साहेबांची नावे आहेत, मडमांची आहेत, इमारतींचे खर्च आहेत. बायबलबायांचा उल्लेख बहुधा संख्येत येतो. पण नगर, राहुरी, शिरूर, सातारा, सोलापूर इथल्या जुन्या ख्रिस्ती घरांत त्यांच्या लेकी-सुना अजून हयात आहेत, ऐंशीच्या पुढच्या. कोणत्या गावाला कोणत्या वाटेने जायच्या, कोणते गाणे कोणत्या घरी म्हणायच्या, कोणी दार लावून घेतले, कोणी ताक दिले, हे सगळे त्यांना तोंडपाठ आहे. मंडळ्यांच्या तरुण संघांनी या नाताळच्या सुटीत एक काम करावे. मोबाइल घेऊन या आज्यांपुढे बसावे, त्यांना बोलू द्यावे, गाऊ द्यावे आणि ते नावा-गावासह लिहून ठेवावे. खेड्यांत अजून उभे राहणारे जे कीर्तनकार उरले आहेत, त्यांची आख्यानेही पूर्वरंगापासून शेवटपर्यंत उतरवून घ्यावीत.